दरवाज्यांवरचा रस्ता : धवळेश्वरम ते विजयवाडा

दिवस पहिला

अप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीची बहुतेक वर्षं नांदूर मधमेश्वरहून निघणाऱ्या गोदावरी डाव्या कालव्यावर गेली. आवर्तन कधी सुटणार, कोणत्या चारीला किती दिवस, कोणाचा पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज आला आणि कोणाचा राहिला, यातच आमचं लहानपण गेलं. रात्री-अपरात्री पाटकरी दाराशी यायचा, "साहेब, पाट फुटला," म्हणायचा आणि अप्पा टॉर्च घेऊन निघायचे.

आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दिवाळीत जेवताना सहज म्हणाले, "सगळी नोकरी गोदावरीच्या पाण्यावर केली, पण खालचं धवळेश्वरम काही पाहिलं नाही. खात्यात कोणी आंध्रात जाऊन आला की त्याचंच नाव सांगायचा. धरणावरून मोटारी जातात म्हणे." मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली. धवळेश्वरम करायचं आणि परतताना विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज. एक गोदावरीवर, दुसरा कृष्णेवर. दोन्ही नद्या आपल्याकडच्या आणि दोन्हींच्या बंधाऱ्यांवरून रस्ता.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेसमध्ये बसलो. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. अप्पांनी सोबत एक जुनी वही घेतली होती. कालव्यावर असताना रोजचा विसर्ग लिहायचे तसलीच, निळ्या पुठ्ठ्याची.

दिवस दुसरा

सकाळी जाग आली तेव्हा गाडी तेलंगणात होती. दुपारी कोव्वूर गेलं आणि डब्यातली माणसं एकदम खिडक्यांकडे सरकली. कोणी पर्समधून नाणी काढली, कोणी लेकराला उचलून घेतलं. पुलाचे खांब खडखड करत मागे जायला लागले आणि खाली पाणीच पाणी.

नाशिकला रामकुंडावर पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलता येतं. इथे पूल पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. अप्पा उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. नदी संपेपर्यंत जोडलेलेच होते. मग खाली बसून म्हणाले, "मोठी झाली गं."

संध्याकाळी पुष्कर घाटावर गेलो. तिथून राजमहेंद्रीचे तीन पूल एका नजरेत मावतात. सगळ्यांत जुना हॅवलॉक पूल १९०० सालचा, १९९७ पासून त्यावरून गाड्या जात नाहीत. मग १९७४ चा, खाली रेल्वे आणि वर रस्ता असा दुमजली पूल. तिसरा कमानींचा, फोटोत असतो तो. १९७४ चा पूल होईपर्यंत इथून रस्त्याने गोदावरी ओलांडायची सोयच नव्हती. रेल्वेने जा, नाहीतर नावेने. एवढ्या मोठ्या गावाला चुलत्या-मामांकडे पलीकडे जायचं तर वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागत होता.

घाटावरच्या एका गुरुजींशी अप्पांचं छान जमलं. गुरुजींना हिंदी बऱ्यापैकी येत होतं. बृहस्पती सिंह राशीत गेला की यांच्याकडे गोदावरीचं पुष्कर असतं आणि आपल्याकडे त्र्यंबक-नाशिकचा सिंहस्थ. २०१५ च्या जुलैत दोन्हीकडे एकाच वेळी पर्व सुरू झालं होतं. "तुम्ही वर बुडी मारली, आम्ही खाली," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी आणखी एक सांगितलं. या भागात स्नानाच्या वेळी एक संस्कृत श्लोक म्हणतात. त्यात रोज गोदावरीस्नानाचं पुण्य मिळवून देणाऱ्या एका इंग्रज माणसाचं स्मरण केलेलं आहे आणि त्याला भगीरथ म्हटलं आहे. त्या माणसाचं नाव आर्थर कॉटन. त्याच्या बंधाऱ्यावर आम्हाला उद्या जायचं होतं.

दिवस तिसरा

राजमहेंद्रीहून धवळेश्वरम सात-आठ किलोमीटर. सकाळी रिक्षा केली. आधी कॉटन संग्रहालयात गेलो. घोड्यावर बसलेला कॉटनचा पुतळा, जुनी अवजारं, बंधाऱ्याच्या प्रतिकृती. अशा प्रतिकृतींपुढे लोक दोन मिनिटं थांबतात, अप्पा पाऊण तास थांबले. वहीत आडवा छेद काढून घेतला.

गोष्ट अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हा सगळा जिल्हा उद्ध्वस्त झाला होता. दुष्काळ पडले, १८३९ मध्ये कोरिंगाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, माणसं मेली, उरलेली गाव सोडून गेली. दारावरून एवढी मोठी नदी समुद्राला जात होती आणि शेताला पाणी नव्हतं. मद्रासच्या लष्करी अभियंत्यांपैकी कॉटन त्याआधी कावेरीच्या खोऱ्यात काम करत होता. तिथे चोळ राजांचा कल्लणै बंधारा त्याने बारकाईने पाहिला होता. नदीच्या वाळूवर दगड टाकले की ते खचतात, त्यावर पुन्हा टाकायचे, पुन्हा खचतात, आणि एक दिवस खचायचे थांबतात. खडकाचा तळ न लागताही वाळूवर बंधारा उभा राहू शकतो, हे तो तिथे शिकला. आपल्या लोकांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी केलेलं काम एका परक्या अभियंत्याने गुरू मानलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

गोदावरीवर १८४७ मध्ये काम सुरू झालं आणि १८५२ मध्ये पुरं झालं. जागा त्याने अशी निवडली की पहिल्यांदा ऐकताना उलटीच वाटावी. वर पापिकोंडलूच्या डोंगरात नदी अगदी अरुंद होते. कोणीही म्हणेल, बांध तिथे घाला, भिंत लहान लागेल. कॉटनने जिथे पात्र सगळ्यांत रुंद आहे ती जागा घेतली. रुंद पात्रात पाणी उथळ असतं आणि पुराचा जोर पसरतो. शिवाय मध्ये बेटं आहेत, त्यांना तेलुगूत 'लंका' म्हणतात. बेटांमुळे नदीचे चार भाग पडतात, म्हणजे एक लांब भिंत घालण्याऐवजी चार तुकडे घालायचे. आणि धवळेश्वरमची टेकडी शेजारीच, दगड तिथूनच काढला. पायासाठी वाळूत विहिरी उतरवल्या, त्यावर दगडी बांधकाम, आणि खालच्या अंगाला पाण्याच्या माराने वाळू उकरली जाऊ नये म्हणून मोठाल्या दगडांचा पसारा.

हे सगळं कॉटनने एकट्याने केलं नाही. मध्ये तो आजारी पडून रजेवर गेला, तेव्हा कॅप्टन ऑर याने काम सांभाळलं. आणि हजारो मजुरांना गोळा करणारा, टिकवून धरणारा, कामाची घडी बसवणारा वीणम वीरन्ना होता. अप्पांना वीरन्नाबद्दल ऐकून विशेष आनंद झाला. "साहेब नकाशा काढतो, पण माणसं कोणाचं ऐकतात ते महत्त्वाचं," ते म्हणाले. पाट फुटल्यावर रात्री दोन वाजता गावातली पन्नास माणसं कोणाच्या शब्दावर उठतात, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

मग बॅरेजवर गेलो.

रिक्षा रस्त्यावर चढली आणि मला पहिल्यांदा कळलंच नाही की आपण धरणावर आहोत. साधा रस्ता. दुचाकीवर नारळाचे घड, शाळेच्या गणवेशातली पोरं, एक बस. पण डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं की उलगडतं. एका अंगाला काठोकाठ भरलेलं, निश्चल, आभाळाच्या रंगाचं पाणी. दुसऱ्या अंगाला बरंच खाली वाळू, खडक, पाण्याच्या दोन-चार धारा आणि त्यात उभे बगळे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या नद्या.

आम्ही उतरून चालायला लागलो. बॅरेजचे चार तुकडे, म्हणजे चार 'हात', मिळून १७५ दरवाजे आहेत. धवळेश्वरमच्या हाताला ७०, मग पिचुकलंका बेट, राल्लीच्या हाताला ४३, मग बोब्बरलंका, मद्दूरला २३ आणि शेवटी विज्जेश्वरमला ३९. सगळी बांधकामाची लांबी साडेतीन किलोमीटरच्या वर. अप्पांनी पहिल्या हातावरचे सत्तरच्या सत्तर मोजले. मी म्हटलं, "अप्पा, पाटीवर लिहिलंय ना." ते म्हणाले, "मोजल्याशिवाय विसर्ग लिहायचा नसतो."

एका दरवाज्यापाशी ते थांबले आणि मला वाकून बघायला लावलं. दरवाज्याच्या कडेचं रबर एका जागी थोडं झिजलेलं होतं. तिथून पाणी पंख्यासारखं फवारत होतं, अगदी बारीक, आणि सकाळच्या उन्हात त्यात रंग दिसत होते. खालच्या दगडावर एक खंड्या बसला होता. फवाऱ्याखालच्या डबक्यात सूर मारायचा, पुन्हा त्याच दगडावर येऊन बसायचा. दरवाजा उचलणाऱ्या पोलादी दोरावर ग्रीसचा जाड काळा थर, त्यात वाळूचे कण रुतलेले. अप्पांनी बोट लावून वास घेतला. "नुकतंच लावलंय. बरं ठेवलंय यांनी."

मला खरा प्रश्न पडला होता तो इथेच विचारला. कॉटनच्या बंधाऱ्यावरून रस्ता होता का? अप्पा हसले. कसा असेल? कॉटनचा होता तो आनिकट. तमिळ 'अणैकट्टु', तेलुगू 'आनकट्ट', त्याचं इंग्रजांनी आनिकट केलं. तो म्हणजे नदीला घातलेला दगडी उंबरठा. उन्हाळ्या-हिवाळ्यात पाणी त्याला टेकून वर चढायचं आणि कालव्यात वळायचं. पूर आला की सगळी नदी त्या उंबरठ्यावरून पलीकडे कोसळायची. पुढे त्याची उंची वाढवली, माथ्यावर पाडता येणाऱ्या लोखंडी फळ्या बसवल्या, पण होता तो उंबरठाच. त्यावरून गाडीरस्ता कुठून काढणार?

सव्वाशे वर्षांनी ती भिंत थकली. १९७० च्या दशकात नवा बॅरेज बांधायला घेतला, तो १९८२ मध्ये पुरा झाला आणि त्याला कॉटनचंच नाव दिलं. बॅरेज म्हणजे उंबरठ्याच्या जागी दारं. आता पूर आला की दारं वर उचलायची आणि नदीला खालून जाऊ द्यायचं. पण दारं बसवायची तर दोन दारांच्या मध्ये खांब लागतो. दार वर घ्यायचं तर खांब पुराच्या पातळीच्या बराच वर न्यावा लागतो. आणि नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पावणेदोनशे दारांचे खांब उभे राहिले, म्हणजे पुलाचा सगळ्यांत महागडा भाग झालाच की. वर स्लॅब टाकायची राहते.

"दारं आली म्हणून रस्ता आला," अप्पा म्हणाले. मी इतकी वर्षं धरणावरचा रस्ता म्हणजे पुलाचा खर्च वाचवायची युक्ती समजत होते. तशी ती आहेही. पण मुळात ती दारांनी दिलेली देणगी आहे, हे तिथे उभं राहूनच कळलं.

पलीकडे चहाच्या टपरीवर एक निवृत्त कर्मचारी भेटले. लुंगी, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. वय साधारण सत्तर. पूर्वी याच दरवाज्यांवर कामाला होते. अप्पांनी "मैं भी इरिगेशन" एवढंच सांगितलं आणि त्या गृहस्थांनी बाकावरचं वर्तमानपत्र उचलून जागा केली. मी त्यांना "गारू" (तेलुगूतलं आदराचं संबोधन) म्हणत होते, ते अप्पांना "सार" म्हणत होते, आणि पुढचा तासभर गेट, क्युसेक, रेग्युलेटर, लॉक एवढ्या चार शब्दांवर दोघांचं बोलणं चाललं. मला फारसं काही समजावून द्यावं लागलं नाही.

इथे पुराच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. १० लाख क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) विसर्ग झाला की पहिला इशारा, १३ लाखांना दुसरा, १७ लाखांना तिसरा. अप्पांच्या कालव्यावर शंभर-दोनशे क्युसेकचा हिशोब असायचा. नाशिकला गंगापूर धरणातून काही हजार क्युसेक सोडले की आमच्याकडे नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला याची चर्चा सुरू होते. १७ लाख हा आकडा ऐकून अप्पांनी वही उघडली आणि पुन्हा विचारून लिहून घेतला. ऑगस्ट १९८६ मध्ये ३५ लाखांच्या आसपास पाणी आलं होतं. बॅरेज पुरा होऊन अवघी चार वर्षं झाली होती. "सगळी गेटं वर होती. आम्ही रस्त्यावर उभे होतो. पायाखालून नदी जाते ते तळपायाला कळत होतं," गारू म्हणाले आणि त्यांनी चप्पल काढून तळपाय जमिनीवर टेकवून दाखवला.

अप्पांनी मग त्यांना मनात घर करून बसलेला प्रश्न विचारला. हे जे पाणी अडलंय, यात आमचं किती? गारूंनी खरं ते सांगितलं. जानेवारीत इथे जे पाणी असतं त्यातलं बरंचसं सिलेरू नदीचं, वीजघरांतून सुटून शबरीमार्गे येणारं. त्यावर इथला रब्बीचा भात होतो, त्याला ते 'दाळवा' म्हणतात. अप्पांनी मान हलवली. त्यांना ते माहीतच होतं. त्र्यंबकचं पाणी गंगापूर, नांदूर मधमेश्वर, पैठणचा नाथसागर, बाभळीचा बंधारा असं करत करत हिवाळ्यात कुठेतरी वरच मुरतं. पावसाळ्यात इथे नदी भरते ती मुख्यतः प्राणहिता, इंद्रावती, शबरीच्या जिवावर. पण प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा. "म्हणजे विदर्भाचं पाणी आहे. चला, आपलंच," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

एक गोष्ट मला अजून आश्चर्याची वाटते. नाथसागरात १०० टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी मावतं. या बॅरेजमागे जेमतेम तीन मावतं. तरी त्यावर १० लाख एकर भिजतं. कारण हा साठा करायचा बांधच नाही. वाहत्या नदीला हात धरून कालव्याच्या वाटेला लावायचं, एवढंच याचं काम.

दिवस चौथा

बॅरेजचा रस्ता आम्हाला कोनसीमेत घेऊन गेला. गौतमी आणि वसिष्ठा या गोदावरीच्या दोन मोठ्या फाट्यांमधला हा त्रिकोण. नारळ, केळी, भात आणि प्रत्येक रस्त्याला बिलगून चालणारा कालवा. कालव्याच्या काठाला पायऱ्या, पायऱ्यांवर भांडी घासणाऱ्या बाया. नव्याने रोवलेला भात इतका कोवळा होता की खाचरात पाणी जास्त आणि हिरवं कमी दिसत होतं.

बोब्बरलंकेहून जवळच आत्रेयपुरम. तिथे पूतरेकुलू करतात. एका घराच्या ओसरीवर एक ताई बसल्या होत्या. पुढे चुलीवर पालथं घातलेलं, वर्षानुवर्षं तापून काळंभोर झालेलं मडकं. शेजारी तांदळाची अगदी पातळ पेज, दुधाच्या निवळीसारखी. त्यात कापडाचा चौकोन बुडवायचा, दोन टोकं धरून मडक्याच्या पाठीवरून एकदाच सरकवायचा. चर्र असा आवाज येतो आणि तेवढ्यात मडक्यावर कागदापेक्षा पातळ पापुद्रा सुटलेला असतो. बोटांनी उचलला की पलीकडचं दिसतं. मग त्यात तूप, गुळाची पूड, घडी. तोंडात घातली की आधी तूप लागतं, मग गूळ, आणि तांदूळ कुठे गेला ते कळतच नाही. आपल्या मांड्याची आठवण झाली, पण मांडा गव्हाचा आणि ऐसपैस असतो. २०२३ मध्ये या पदार्थाला भौगोलिक मानांकन मिळालं. हे गाव बॅरेजच्या तोंडाशी नसतं तर एवढ्या गाड्या इथे थांबल्या नसत्या, असं त्या ताईंच्या मुलाने सांगितलं.

दुपारी पी. गन्नवरमला गेलो. इथे नदीवरून कालवा जातो. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेग नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ४९ कमानींचा जलसेतू बांधून पलीकडच्या बेटाला पाणी पोचवलं. २००० साली त्याच्या शेजारी नवा झाला, त्याला डोक्का सीतम्मांचं नाव आहे. या भागात येणाऱ्या-जाणाऱ्या भुकेल्याला जेवू घालणारी बाई म्हणून त्यांचं नाव घराघरांत आहे. पाणी पोचवणाऱ्या बांधकामाला अन्न वाढणाऱ्या बाईचं नाव, याहून योग्य काही सुचलं नसतं.

रात्रीच्या गाडीने विजयवाडा. वाटेत एलुरू लागलं तेव्हा अप्पा मुद्दाम जागे राहिले. विजयवाड्याहून येणारा कृष्णेचा कालवा आणि विज्जेश्वरमहून येणारा गोदावरीचा कालवा इथे मिळतात. खिडकीतून अंधारच दिसत होता. तरी ते बघत होते.

दिवस पाचवा

विजयवाड्याला कृष्णा दोन टेकड्यांच्या मधून येते. इकडे इंद्रकीलाद्री, वर कनकदुर्गेचं देऊळ. तिकडे सीतानगरम. मध्ये प्रकाशम बॅरेज.

१८३२-३३ चा दुष्काळ या भागात 'नंदन करुवू' म्हणून ओळखला जातो. संवत्सराचं नाव नंदन, म्हणजे आनंद देणारं, आणि त्या एका वर्षात गुंटूर भागातल्या पाच लाखांपैकी दीड ते दोन लाख माणसं गेली. कृष्णेवर बांध घातला गेला तो या मरणाच्या आठवणीवर. गोदावरीवर कॉटनच्या जागी उभा राहिलेला कॅप्टन ऑर इथे आला आणि १८५२ ते १८५५ या काळात त्याने आनिकट बांधला. तोही उंबरठाच होता. सत्त्याण्णव वर्षं त्याने काम केलं आणि सप्टेंबर १९५२ च्या पुरात त्याला खिंडार पडलं.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं आणि टंगुटूरी प्रकाशम मुख्यमंत्री झाले. १९२८ मध्ये मद्रासला सायमन कमिशनच्या विरोधात निदर्शनं करताना पोलिसांच्या बंदुकीपुढे छाती उघडी करून उभा राहिलेला हा माणूस, लोक त्यांना आंध्रकेसरी म्हणत. फेब्रुवारी १९५४ मध्ये बॅरेजचं काम सुरू झालं, डिसेंबर १९५७ मध्ये पुरं झालं. प्रकाशम मे महिन्यातच गेले होते. ज्या रस्त्याला त्यांचं नाव आहे त्यावरून ते कधी चालले नाहीत.

धवळेश्वरमपेक्षा हा बॅरेज चोवीस-पंचवीस वर्षांनी मोठा. पुलाची लांबी १२०० मीटरच्या वर. आणि दरवाजे? अप्पांनी दुर्गा घाटाच्या बाजूने चालायला सुरुवात केली, मी पाणी आणि टोपी घेऊन मागून. मध्ये दोनदा त्यांचा आकडा चुकला, कारण पोरं सेल्फीसाठी मध्ये येत होती. पण ते मागे जाऊन पुन्हा मोजत. पलीकडे पोचल्यावर म्हणाले, "सत्तर. तिकडे पहिल्या हाताला सत्तर आणि इथे सगळे मिळून सत्तर."

सीतानगरमच्या टोकाला शहाळी विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की त्यांचे वडील भाजी घेऊन नावेने बेजवाड्याला जायचे. बेजवाडा हे विजयवाड्याचं जुनं नाव. पावसाळ्यात नाव सुटायची नाही, भाजी सडायची. बॅरेज झाला आणि वडिलांनी सायकल घेतली. धरणाच्या इतिहासात क्षेत्र, टीएमसी, क्युसेक सगळं लिहिलेलं असतं, पण ही सायकल कुठे लिहिलेली नसते. मी अप्पांच्या वहीत ती लिहिली.

आज या रस्त्यावरून अवजड वाहनं सोडत नाहीत. ट्रक आणि बसगाड्या खालच्या कनकदुर्गा वारधीवरून जातात. 'वारधी' म्हणजे तेलुगूत पूल. हा निर्णय अप्पांना मनापासून पटला. रस्ता कितीही गरजेचा असला तरी खांब आधी दरवाज्यांसाठी उभे आहेत. खांबांना हादरे बसले, दरवाजा खाचेत अडकला, तर पुराच्या रात्री काय करणार? मला आठवलं, लहानपणी आमच्या कालव्याच्या भरावावरून लोक उसाच्या गाड्या न्यायचे आणि अप्पा त्यांच्याशी भांडायचे. भरावाचा रस्ता झाला की लोक विसरतात की आत पाणी आहे. गावात त्यांना कडक म्हणायचे. मीही म्हणायचे.

पुराच्या रात्री काय होतं ते इथे नुकतंच दिसलं होतं. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला या सत्तर दरवाज्यांखालून ११ लाख ४३ हजार क्युसेक पाणी गेलं. त्या पुरात वरून सुटलेल्या मोठ्या बोटी येऊन बॅरेजवर आदळल्या आणि दरवाज्यांची प्रतिभारं फुटली. प्रतिभार म्हणजे दरवाज्याच्या विरुद्ध बाजूला टांगलेलं वजन, मोटेला बैल तसं दरवाज्याला ते. त्याशिवाय एवढं लोखंड उचलायचं तर यंत्राचा जीव जाईल. पूर ओसरायच्या आत, पाणी वाहत असतानाच, धरणांच्या दरवाज्यांचे तज्ज्ञ कन्नय्या नायडू यांच्या देखरेखीखाली काँक्रीटची फुटलेली वजनं काढून पोलादी बसवली. त्याच माणसाने तीन आठवड्यांपूर्वी तुंगभद्रा धरणाचा साखळी तुटून वाहून गेलेला एकोणिसावा दरवाजा वाहत्या पाण्यात फळ्या उतरवून बंद केला होता. अप्पांनी तेव्हा त्या बातमीचं कात्रण कापून ठेवलं होतं. ते कात्रण वहीत होतं. ते वहीतून काढून त्यांनी मला दाखवलं, पुन्हा घडी घातली आणि ठेवून दिलं.

दुपारी इब्राहिमपट्टणमला गेलो, बॅरेजच्या वर. या जागेला पवित्र संगमम म्हणतात. २०१५ पासून पट्टिसीमाच्या उपसा योजनेतून पावसाळ्यात गोदावरीचं पाणी २४ पंपांनी उचलून पोलावरम प्रकल्पाच्या उजव्या कालव्यातून इथवर आणतात आणि कृष्णेत सोडतात. जानेवारीत पंप बंद. घाट रिकामा, दोन कुत्री आणि कपडे वाळत घातलेले. पण जागा पाहायची होती. आपल्याकडे बृहस्पती कन्येत गेला की नरसोबाच्या वाडीला, वाईला कन्यागत असतो, इकडे त्याच वेळी कृष्णेचं पुष्कर. आई वाईची. तिने २०१६ चा कन्यागत केला होता, तिचा शेवटचा. अप्पा घाटाच्या पायरीवर बसून म्हणाले, "तुझ्या आईची नदी आणि माझी नदी." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

संध्याकाळी पुन्हा बॅरेजवर आलो. दिवे लागले होते. सायकली, स्कूटर, देवळाकडे निघालेल्या बायका, केसांत माळलेल्या मोगऱ्याचा वास. वरच्या अंगाला भरलेली कृष्णा, त्यात टेकडीवरच्या देवळाचे दिवे. अप्पांनी कठड्याला टेकून वही उघडली. तारीख लिहिली, ठिकाण लिहिलं, आणि 'विसर्ग' या शब्दापुढे थांबले. मग वाकून खाली पाहिलं, एकेक दरवाजा नजरेखालून घातला आणि लिहिलं : 'सर्व ७० बंद. पाणी कालव्यांना चालू.' खाली सही केली.